न्यू जर्सीचा एपिस्कोपल धर्मप्रांत: मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, नगर, पुणे, कोल्हापूर, नागपूरकडच्या मंडळ्यांमधून न्यू जर्सीत आलेली कुटुंबं रविवारची उपासना बहुधा चुकवत नाहीत. पण धर्मप्रांताचा कारभार कोण चालवतं, बिशप कसे निवडले जातात, आपलं दान पुढे कुठे जातं, याची चौकशी करायला ती बिचकतात. माझं बालपण सीएनआयच्या (उत्तर भारतीय चर्चच्या) मंडळीत गेलं आणि आता घर इथलं आहे, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. कारभाराबद्दल विचारायचा आणि त्यात भाग घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो वापरावा, म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत.

एपिस्कोपल चर्चचं आपल्या सीएनआयशी काय नातं?

जवळचं नातं आहे. अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेचं चर्च म्हणजे एपिस्कोपल चर्च. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इथल्या मंडळ्यांना स्वतःचे बिशप हवे होते, पण इंग्लंडमध्ये अभिषेक घ्यायचा तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. म्हणून सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबर्डीनमध्ये तिथल्या बिशपांनी त्यांचा अभिषेक केला. १७८९ मध्ये चर्चची घटना मंजूर झाली.

आपलं उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं. त्या दिवशी जी सहा चर्चेस एक झाली त्यांत अँग्लिकन चर्च होतं. मुंबईचा धर्मप्रांत तर १८३७ पासूनचा आहे आणि त्याचं कॅथेड्रल, फोर्टमधलं सेंट थॉमस, त्याहूनही जुनं. आज एपिस्कोपल चर्च आणि सीएनआय दोन्ही जागतिक अँग्लिकन परिवारात आहेत आणि त्यांची एकमेकांशी पूर्ण सहभागिता आहे. म्हणजे तुमचा बाप्तिस्मा इथे मान्य आहे आणि प्रभुभोजनाला तुम्ही पहिल्याच रविवारी बिनधास्त पुढे जाऊ शकता. कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही.

न्यू जर्सीत दोन धर्मप्रांत का आहेत? मी कुठल्यात मोडतो?

१७८५ मध्ये सगळ्या राज्याचा मिळून एकच धर्मप्रांत सुरू झाला. वस्ती वाढली तसा १८७४ मध्ये उत्तरेकडचा भाग वेगळा काढला, त्यालाच पुढे नेवार्क हे नाव मिळालं. एडिसन, आयसेलिन, प्रिन्स्टन, चेरी हिल इथे राहणारे न्यू जर्सी धर्मप्रांतात येतात. जर्सी सिटी आणि पार्सिपनीवाले नेवार्कमध्ये. न्यू जर्सी धर्मप्रांताचं कॅथेड्रल ट्रेंटनला आहे, ट्रिनिटी कॅथेड्रल. शंभराहून जास्त मंडळ्या या धर्मप्रांतात आहेत.

एडिसनकरांना एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. शेजारचं न्यू ब्रन्स्विक गाव या चर्चच्या इतिहासात फार मोलाचं आहे. मे १७८४ मध्ये तीन राज्यांतले पाळक तिथे जमले आणि विखुरलेल्या मंडळ्यांना एकत्र आणायची बोलणी तिथून पुढे सरकली. न्यू जर्सीचे पहिले बिशप जॉन क्रोझ १८१५ मध्ये अभिषिक्त झाले. बिशप असतानाही ते न्यू ब्रन्स्विकच्या क्राइस्ट चर्चचे पाळक होते. लग्नासाठी हॉल शोधत आपण त्या गावात हिंडतो, पण ते चर्च आतून पाहिलेली मराठी माणसं थोडी.

सध्याचे बिशप कोण आहेत? त्यांची निवड सिनड, म्हणजे चर्चची सर्वोच्च सभा, करते का?

बिशप सॅली फ्रेंच २०२३ पासून या धर्मप्रांताच्या तेराव्या बिशप आहेत. इथे या पदावर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री.

इथे निवड धर्मप्रांतच करतो. आपल्याकडे धर्मप्रांतातून नावं वर जातात आणि शेवटचा निर्णय सिनडच्या पातळीवर होतो. इथे धर्मप्रांताची शोध समिती उमेदवारांची नावं पुढे आणते, उमेदवार लोकांसमोर येऊन प्रश्नांना उत्तरं देतात आणि मग निवडणूक अधिवेशन भरतं. पाळकवर्ग आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी वेगवेगळी मतं देतात. एकाच फेरीत दोन्ही गटांत बहुमत मिळालं तरच निवड होते, नाहीतर पुढची फेरी. सगळे पाळक एका बाजूला आणि सगळ्या मंडळ्या दुसऱ्या बाजूला, असा बिशप त्यामुळे होऊच शकत नाही. मला या पद्धतीतला हा भाग सगळ्यात भावतो.

निवडीनंतर देशभरातल्या इतर धर्मप्रांतांच्या स्थायी समित्यांची (बिशपांना सल्ला देणाऱ्या, निवडून आलेल्या समित्यांची) आणि बिशपांची बहुमताने संमती लागते. त्यासाठी १२० दिवसांची मुदत असते. 'संमती आली' अशी बातमी दिसली तर ती याच टप्प्याची. बिशपांना वयाच्या ७२ व्या वर्षी पद सोडावंच लागतं, त्यामुळे पुढची निवडणूक साधारण कधी येईल याचा अंदाज आधीपासून बांधता येतो.

वार्षिक अधिवेशनात नक्की काय होतं? साध्या सभासदाला तिथे काय काम?

धर्मप्रांताचं अंदाजपत्रक मंजूर होतं, स्थायी समितीसारख्या समित्यांच्या निवडणुका होतात, ठराव येतात, बिशप वर्षाचा आढावा घेतात. प्रत्येक मंडळी आपले प्रतिनिधी पाठवते आणि त्यांना बोलायचा आणि मत द्यायचा पूर्ण अधिकार असतो. सभागृहात मायक्रोफोनसमोर रांग लागते, वक्त्याला मोजकी मिनिटं मिळतात, समोर घड्याळ चालू असतं. बिशपच्या मताविरुद्धही लोक तिथे उभं राहून शांतपणे बोलतात, आणि दुपारच्या जेवणाला त्याच टेबलावर बसतात. मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही अशा शिस्तीत वाढलेल्यांनी हे एकदा तरी पाहावं.

प्रतिनिधी व्हायला फार लोक उत्सुक नसतात, हे खरं. शनिवार जातो, कागद वाचावे लागतात. पण मंडळीच्या वार्षिक सभेत 'कोण जाईल?' असं विचारलं जाईल तेव्हा हात वर करा. सगळ्या चर्चचं महाअधिवेशन दर तीन वर्षांनी भरतं आणि तिथे प्रत्येक धर्मप्रांताचे चार पाळक आणि चार साधे सभासद जातात. २०२४ मध्ये लुईव्हिलला भरलेल्या महाअधिवेशनात शॉन रो यांची प्रमुख बिशप म्हणून निवड झाली. त्या चार सभासदांमध्ये मराठी नाव असायला काहीच हरकत नाही.

व्हेस्ट्री म्हणजे आपली पास्टोरेट कमिटीच ना?

जवळपास तीच, मंडळीचा कारभार पाहणारी निवडलेली समिती. तिच्यात दोन वॉर्डन असतात. सीनियर वॉर्डन पाळकांचा उजवा हात असतो आणि ज्युनियर वॉर्डनकडे बहुतेक ठिकाणी इमारत, छप्पर, बॉयलर ही खाती असतात. निवड मंडळीच्या वार्षिक सभेत होते, बऱ्याचदा जानेवारीच्या सुमारास. तारीख आधी जाहीर करतात, तेव्हा ती चुकवू नका. वर्षभराचे हिशेब त्या सभेत सगळ्यांच्या हातात छापून मिळतात.

धर्मप्रांताच्या बातम्या खूप येतात. त्यातलं नेमकं काय वाचायचं?

ईमेलने येणाऱ्या वार्तापत्रात निम्म्याहून जास्त जागा कार्यक्रमांना असते. ते चाळा. पुढच्या चार प्रकारांकडे मात्र नीट लक्ष द्या.

पहिला, पाळकांच्या नेमणुका आणि निवृत्त्या. कुठल्या मंडळीत जागा रिकामी आहे आणि किती काळ, यावरून धर्मप्रांताची तब्येत कळते.

दुसरा, अंदाजपत्रकाचा मसुदा. अधिवेशनाआधी तो सगळ्यांसाठी जाहीर होतो. तरुणांच्या कामाला किती, छोट्या मंडळ्यांना मदत किती, कार्यालयाचा खर्च किती, हे तीन आकडे पाहिलेत तरी पुष्कळ झालं.

तिसरा प्रकार म्हणजे जोडणीच्या बातम्या: दोन मंडळ्या एकच पाळक ठेवणार, तीन मंडळ्या एकत्र येणार. या गोष्टी आता धर्मप्रांतांच्या पातळीवरही होत आहेत. २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमधले तिन्ही धर्मप्रांत पुन्हा एक झाले आणि त्याच वर्षी मिशिगनमधल्या दोघांचा मिळून ग्रेट लेक्स धर्मप्रांत झाला. सभासद घटतात, खर्च वाढतो, आणि प्रत्येकाने वेगळं कार्यालय चालवणं परवडत नाही. सगळ्या एपिस्कोपल चर्चचे मिळून आज सुमारे १५ लाख सभासद आहेत.

चौथा प्रकार बातमीत फारसा येत नाही, तो शोधून वाचावा लागतो. प्रत्येक मंडळीला दर वर्षी १ मार्चपर्यंत एक वार्षिक अहवाल भरून द्यावा लागतो. सभासद किती, रविवारी सरासरी हजेरी किती, दान किती, हे सगळं त्यात असतं आणि मंडळीनिहाय आलेख कुणालाही पाहता येतात. नव्या गावात मंडळी निवडताना मी आधी हे आलेख पाहायला सांगते. छोटी हजेरी म्हणजे वाईट मंडळी असं मुळीच नाही. चाळीस माणसांच्या मंडळीत तुमच्या कुटुंबाची जी गरज असते ती चारशेच्या मंडळीत नसते.

आमचे पाळक निवृत्त झाले. नवीन यायला इतका वेळ का लागतोय?

कारण बिशप पाळकांची बदली करून पाठवत नाहीत. स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मंडळीत व्हेस्ट्री पाळक निवडते आणि बिशप त्यावर देखरेख ठेवतात. मधल्या काळासाठी तात्पुरते पाळक येतात. मंडळी स्वतःची माहितीपुस्तिका तयार करते, शोध समिती मुलाखती घेते, उमेदवाराची पार्श्वभूमी तपासली जाते. वर्ष सहज जातं, कधी त्याहून जास्त. आपल्या लोकांना हे रखडणं वाटतं. पण समितीवर एखादं मराठी कुटुंब असलं, तर 'नव्या पाळकांनी परदेशातून आलेल्या घरांना भेटी द्याव्यात' असं माहितीपुस्तिकेत लिहून घेता येतं. ती संधी दर दहा-बारा वर्षांनी एकदा येते.

एखादी मंडळी बंद होते तेव्हा इमारतीचं काय होतं?

मंडळीची मालमत्ता धर्मप्रांतासाठी आणि सबंध चर्चसाठी विश्वस्त म्हणून सांभाळली जाते, असा नियम १९७९ पासून स्पष्ट शब्दांत आहे. त्यामुळे मंडळी आपल्या मर्जीने ती विकू शकत नाही. बिशप आणि स्थायी समितीची संमती लागते.

शेवटच्या उपासनेला शक्य असेल तर जा, ती तुमची मंडळी नसली तरी. बिशप किंवा त्यांचे प्रतिनिधी येतात. वेदीवरचे कप, तबकं, कापडं, बायबल एकेक करून बाहेर नेलं जातं आणि मग ही वास्तू आता उपासनेसाठी राखीव नाही असं जाहीर होतं. तिथे लग्न झालेली, आईवडिलांना तिथूनच निरोप दिलेली माणसं समोर बसलेली असतात. बातमीत याला एक परिच्छेद मिळतो. आपण शेजारच्या मंडळीतून दहा जण जाऊन बसलो तर त्या लोकांना फार आधार वाटतो. मग त्यातली काही कुटुंबं तुमच्याकडे येतात, आणि त्यांना ओळखीचा चेहरा दिसतो.

सीएनआयचा दाखला आणावा लागतो का? दृढीकरण पुन्हा करावं लागतं का?

गावाकडच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र आणलंत तर उत्तम, त्यावर बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या तारखा असाव्यात. पत्र नसेल तरी अडत नाही, इथल्या पाळकांशी बोला. बिशपच्या हातून झालेलं दृढीकरण पुन्हा करावं लागत नाही.

मतदानाचं म्हणाल तर नियम साधा आहे: गेल्या वर्षात किमान तीन वेळा प्रभुभोजन घेतलेलं असलं की तुम्ही सहभागी सभासद, आणि वयाची १६ वर्षं पूर्ण झाली की प्रौढ सहभागी सभासद. पण नोंदवहीत नाव असायला हवं. कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं येतात आणि नाव नोंदवत नाहीत. कार्यालयात जाऊन एकदा खात्री करून घ्या.

दान किती द्यायचं? ते जातं कुठे?

आकडा कुणी सांगत नाही. शरद ऋतूत प्लेजकार्ड येतं. पुढच्या वर्षी किती देणार ते त्यावर लिहायचं, म्हणजे व्हेस्ट्रीला अंदाजपत्रक बांधता येतं. दशांश हा आदर्श सांगितला जातो, सक्ती नाही. मंडळी आपल्या उत्पन्नातला ठरलेला वाटा धर्मप्रांताला देते आणि धर्मप्रांत आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के सबंध चर्चला. दिलेल्या दानाची पावती वर्षअखेरीनंतर मिळते, ती करासाठी जपून ठेवा.

निळ्या पुठ्ठ्याची छोटी पेटी दिसली तर ती घरी न्या. स्त्रियांनी १८८९ मध्ये सुरू केलेल्या कृतज्ञता-अर्पणाची ती पेटी. दिवसात काही चांगलं घडलं की एखादं नाणं टाकायचं, मग ठरलेल्या रविवारी सगळ्यांच्या पेट्या वेदीपाशी येतात आणि त्या पैशांतून सेवाकार्यांना मदत जाते. आमच्या स्वयंपाकघरात ती डब्यांच्या शेजारी ठेवलेली असते आणि मुलांना तिची आठवण करून द्यावी लागत नाही.

रविवारच्या उपासनेशिवाय मंडळीत काय चालतं?

उपासनेनंतरचा कॉफीचा तास टाळू नका. खरी ओळख तिथेच होते. घरचं काही घेऊन गेलात तर आनंदाने संपतं. चिवडा आणि नारळाच्या वड्यांना इथे वेगळी जाहिरात लागत नाही. शेंगदाणा असेल तर मात्र चिठ्ठी लावा.

राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी पॅनकेकचं जेवण असतं. पवित्र सप्ताहात धर्मप्रांतातले पाळक बिशपबरोबर एकत्र येऊन आपल्या दीक्षेच्या शपथा पुन्हा उच्चारतात आणि वर्षभराचं तेल आशीर्वादित होतं. ही उपासना सगळ्यांना खुली असते, पण कामाच्या दिवशी असल्याने सभासद कमी जातात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, संत फ्रान्सिसच्या दिवसाच्या आसपास, लोक कुत्री, मांजरं, कासवं घेऊन आशीर्वादासाठी येतात. फेब्रुवारीत ॲबसलम जोन्स यांचं स्मरण होतं, ते या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय पाळक.

धान्यवाटपाचं काम बऱ्याच मंडळ्यांमध्ये चालतं आणि तिथे हातांची कायम कमतरता असते. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर ही सगळ्यात चांगली जागा आहे. डबे रचायला आणि पिशव्या भरायला भाषा लागत नाही. आणि येणाऱ्या कुटुंबात एखादं हिंदी बोलणारं निघालं, तर सगळं टेबल आजीकडे बघतं.

जुनं काही पाहायचं असेल तर पर्थ अँबॉयचं सेंट पीटर्स चर्च पाहा. थॉमस मंडी पीटरसन यांची कबर तिथे आहे. वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी घालणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर मत देणारे ते पहिले कृष्णवर्णीय नागरिक, ३१ मार्च १८७० रोजी, त्याच गावात.

बिशप आमच्या मंडळीत येणार आहेत. काय तयारी करायची?

बिशपांनी प्रत्येक मंडळीला निदान तीन वर्षांतून एकदा भेट दिलीच पाहिजे, असा नियम आहे. त्या दिवशी दृढीकरण असतं, बिशप उपदेश करतात आणि बऱ्याच ठिकाणी व्हेस्ट्रीबरोबर बसतात. हार, शाल, नारळ, स्वागतगीत यांची पद्धत इथे नाही, पण मराठी कुटुंबांनी शाल दिली तर ती प्रेमाने घेतली जाते. आधी पाळकांना सांगा म्हणजे कार्यक्रमात जागा ठेवतात. जेवणाच्या वेळी बिशप स्वतः ताट घेऊन रांगेत उभे राहिले तर त्यांना पुढे ढकलू नका, इथे ते आवडत नाही. त्या रांगेतच त्यांच्याशी बोलून घ्या.

स्त्री पाळक, समलिंगी विवाह याबाबत इथे काय भूमिका आहे?

स्त्रियांच्या पाळकदीक्षेला १९७६ मध्ये मान्यता मिळाली. बार्बरा हॅरिस १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बिशप झाल्या, सगळ्या अँग्लिकन जगात पहिल्या. समलिंगी जोडप्यांच्या विवाहविधीला २०१५ च्या महाअधिवेशनाने मंजुरी दिली. कुठलाही विवाह लावायला पाळक नकार देऊ शकतात, तेवढी मोकळीक नियमांत आहे.

आपल्या बऱ्याच घरांमध्ये या दुसऱ्या मुद्द्यावर मतभेद आहेत, कधी एकाच घरात आई एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या. माझं सांगणं एवढंच: ज्यांच्याबद्दल मत बनवायचं आहे ती माणसं त्याच बाकावर बसलेली आहेत. आधी त्यांना भेटा. सहमत नसलात तरी प्रभुभोजनाच्या रांगेतून तुम्हाला कुणी बाहेर काढत नाही.

मुलांना कुठे गुंतवायचं?

वेदीसेवक करा. क्रूस किंवा मेणबत्ती धरून पुढे चालायची जबाबदारी मिळाली की रविवारी उठवायला ओरडावं लागत नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि पार्श्वभूमी तपासणी बंधनकारक असते. संडे स्कूलमध्ये शिकवायला गेलात आणि फॉर्म हातात आला तर अपमान समजू नका, तो सगळ्यांना भरावाच लागतो. आपल्याकडेही ही पद्धत घट्ट रुजावी असं मला मनापासून वाटतं.

निर्वासितांबद्दल चर्चने सरकारला नकार दिला, ही बातमी खरी आहे का?

हो. एपिस्कोपल चर्चची स्थलांतरितांसाठीची शाखा अनेक दशकं सरकारच्या करारावर निर्वासितांचं पुनर्वसन करत होती. मे २०२५ मध्ये, बाकी निर्वासितांचे दरवाजे जवळपास बंद असताना, दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांचं पुनर्वसन करायला सरकारने सांगितलं. तेव्हा प्रमुख बिशप शॉन रो यांनी तो करारच संपवत असल्याचं जाहीर केलं. सरकारी निधी गेला. वर्षानुवर्षं छावण्यांमध्ये वाट पाहणाऱ्यांना मागे ठेवून हे करणं चर्चला मान्य नव्हतं. मला हा निर्णय योग्य वाटतो. स्थलांतरितांची सेवा चर्चने सोडलेली नाही. आपल्या धर्मप्रांतात काय चालू आहे हे पाळकांना विचारा.

बाहेर 'अँग्लिकन' अशी पाटी आहे, ते आपलंच का?

असेलच असं नाही. २००९ मध्ये एपिस्कोपल चर्चमधून बाहेर पडलेल्यांनी वेगळं अँग्लिकन चर्च स्थापन केलं. उपासना सारखीच दिसते, पण बिशप आणि कारभार वेगळा. आत जाण्याआधी विचारून घ्या.

मराठीत उपासना करता येईल का?

येईल. सुरुवात लहान ठेवा. आधी पाळकांना सांगून मध्यस्थीच्या प्रार्थनेतला एक भाग किंवा एखादं शास्त्रवाचन मराठीत वाचा आणि इंग्रजी मजकूर पत्रिकेत छापा. मग नाताळात किंवा पुनरुत्थानाच्या दिवशी एक मराठी गीत, पेटी-तबल्यासह. स्वतंत्र मराठी उपासना ठेवायची असेल तर इमारतीची वेळ व्हेस्ट्रीकडून घ्यावी लागते. सीएनआयचे पाळक भारतातून आलेले असतील तर त्यांनी प्रभुभोजनविधी चालवण्याआधी बिशपच्या कार्यालयाची परवानगी घ्या. हे पत्र दोन-तीन महिने आधी पाठवा. त्यात पाळकांचं नाव, त्यांचा धर्मप्रांत, दीक्षेची तारीख आणि त्यांच्या बिशपचं शिफारसपत्र जोडा.